दुसऱ्याच्या आईची तारीफ

“मूर्तीला दगड म्हणतोस बे? तुझ्या अकलेवर पडलाय दगड.” काझीसाहेब माझ्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहून ओरडत होते. “लेकरू परगावी गेलं तर माय त्याची टोपी उराशी धरून बसती. ती काय टोपीलाच लेकरू समजती व्हय?”

समोर मांडी घालून बसलेले नाना माझाच गूळ फुकट खात म्हणाले, “खळ्यावर उफणताना वारा दिसतो का कुणाला? पण भुसा उडतोच की. तसा तो हाय. अन् तुमी निघालात वाऱ्याला नाक-डोळे काढायला.”

वाचणाऱ्यांनी गोंधळू नये, छापणाऱ्याची काही चूक नाही. मूर्तीसाठी घसा फोडत होते ते काझीसाहेबच. आणि निराकाराची बाजू लढवणारे नाना म्हणजे गावचे जमीनदार, रोज खंडोबाला भंडारा वाहिल्याशिवाय पाणी न पिणारे.

युसूफ वडगाव या आमच्या गावच्या बाजारात हे दोघे सुरू झाले की नांदूरघाटची जनावरं दावी तोडत आणि माजलगावला ज्वारीचा भाव उतरे. तुम्हाला हे जास्तीचं वाटेल. पण भाव एकदा खरोखरच उतरला होता. कारण दुसरं असेल.

या उलट्या तऱ्हेचं मूळ होतं मदरशात. दोघे एकाच मौलवींच्या छड्या खाऊन फारसी शिकले. एकदा दोघांनी एकमेकांच्या आईचा उद्धार करत नाकं फोडून घेतली. मौलवींनी छडी बाजूला ठेवली आणि शिक्षा सांगितली, की उभं राहायचं आणि समोरच्याच्या आईची तारीफ करायची. म्हणे दिवस मावळला तरी तारीफ संपेना. तेव्हापासून नानांचा कायदा ठरला, “स्वतःच्या आईची तारीफ वासरूबी करतं. दुसऱ्याच्या आईची करून दाखव, मग इद्वान म्हणतो तुला.”

राजकारणातही तेच. सरकार तेव्हा मुसलमान राजाचं, तरी नाना सरकारची बाजू घेत. काझीसाहेबांना सरकारचीच इनाम जमीन, पण ते रयतेचं गाऱ्हाणं असं मांडत, की बाजारातला पोलीस कानात बोटं घालून लांब जाई. ऐकलं असतं तर त्याला वर कळवावं लागलं असतं. ‘आपण कोण’ या विषयात तर एक अख्खा उन्हाळा गेला. शेवटी एवढंच ठरलं, की आपण ज्वारीची भाकरी खाणारे. बाकीचं पुढच्या बाजारी बघू.

मग एका हिवाळ्यात काझीसाहेब तापानं गेले.

नाना कबरीला माती देऊन आले आणि पुढच्या बाजारी नेहमीच्या वेळी ओट्यावर हजर. बसले उजव्या कडेला. डावीकडे मी तुरीचं पोतं टेकवलं, तर म्हणाले, “शेट, जागा हाय ती.” मी पोतं उचललं.

वाद घालायला ते माणूस शोधू लागले. खंडोबाच्या पुजाऱ्याला बोलावलं, तर तो खंडोबाचीच बाजू मांडू लागला. नाना वैतागून म्हणाले, “हे तर वासराचं काम झालं.” एकदा मीच धीर केला. काझीसाहेबांसारखा उभा राहिलो, हात उडवले, टोपीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. नाना डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “समदं बरोबर हाय. पर आवाज त्याचा न्हाई.”

त्यानंतर ते एकटेच बोलत. वाऱ्याची, भुशाची, निराकाराची बाजू मांडायची, मग डावीकडे बघत थोडा वेळ गप्प राहायचं, मग पुन्हा पुढे. पूर्वी दोन आवाज होते तेव्हा बाजार हसायचा. आता एकच उरला, तर लोक कान देऊन ऐकू लागले. आणि गावात कुजबुज सुटली, की नाना पालटले, मूर्ती सोडली त्यांनी.

खंडोबाच्या पालखीचा पहिला खांदा नानांच्या घराचा. चुलतभावाचा त्या मानावर जुना डोळा. त्यानं पंचांना गाठलं. त्याच सुमारास बाहेरून एक व्याख्याते आले. सभेला सरकारची परवानगी लागे, म्हणून सभेला प्रवचन म्हणायचं आणि ते देवळात ठेवायचं, अशी तेव्हाची रीत. पंचांनी ठरवलं, की प्रवचनानंतर नानांनी मूर्तीच्या बाजूनं चार शब्द बोलावेत. न बोलले तर खांदा चुलतभावाकडे.

मला घोर नव्हता. इतकी वर्षं त्या बाजूचा एकेक मुद्दा नानांनी समोर बसून ऐकला होता. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटला असता.

व्याख्याते धर्मावर बोलले, आपण कोण आणि ते कोण यावर बोलले. चुकलं कुठंच नाही, पण टोपीच्या गोष्टीची सर त्यात नव्हती. मग नाना उठले. डोक्याचा रुमाल नीट केला.

“लेकरू परगावी गेलं तर...” एवढं बोलले आणि थांबले. ओठ हलत होते. एकदा डावीकडे पाहिलं. तिथं देवळाचा खांब होता.

नानांचा मोठा मुलगा खालून हळूच म्हणाला, “आबा, टोपीचं सांगा ना.”

व्याख्याते हसून म्हणाले, “आजोबा, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे ते तरी सांगा.”

नानांनी खंडोबापुढे डोकं टेकवलं, भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावली आणि पायऱ्या उतरून गेले. पंच नमस्काराला बोलणं मानायला तयार नव्हते. पहिला खांदा त्याच बैठकीत चुलतभावाच्या घरी गेला.

मी मागोमाग गेलो. नाना माझ्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसले होते, उजव्या कडेला. मला राग आवरेना. म्हणालो, “नाना, समदं तोंडपाठ असून गप कावून बसलात? बापजाद्यांचा मान गेला तुमचा.”

नानांनी रुमाल सोडून मांडीवर घेतला, त्याची घडी घातली.

“ती बाजू काझीची हाय,” ते म्हणाले.