शेपटीपाशी उघडा राहिलेला बैल

आमचे शेजारी लांजेवारकाका कुणाच्याही घरून निघताना यजमानांचे फाटक स्वतः लावतात, कडी हलवून पाहतात, चार पावले जातात आणि परत येऊन पुन्हा हलवून पाहतात. जवाहरनगरच्या कारखान्यात त्यांनी नोकरीभर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. निवृत्तीनंतर साकोलीत आमच्या शेजारी घर बांधले. उघडे राहिलेले काहीही त्यांना सोसत नाही. कुणाच्या रांगोळीतली रेघ सुटलेली दिसली, तर बेल वाजवून सांगतात. माझी बातमी वाचून म्हणतात, "पत्रकारसाहेब, टोक जुळलं नाही."

मुले त्यांना टाळतात. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घेतात. गेल्या वर्षी काकांच्या बंद फाटकाशी एकही बैल थांबला नाही. काकूंनी भरून ठेवलेले ताट संध्याकाळी तसेच आत गेले.

यंदा पोळा जवळ आला, तसे ते संगणकापुढे बसले. बैलाच्या आकाराची बिस्किटे करायची आणि ती कापायचा साचा स्वतः बनवायचा, असे ठरले होते. रेखाचित्र देखणे झाले. पण ते साचा घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले, तर रेषेवरून साच्याची भिंत उभी राहीना. मला बोलावणे आले.

"कुठंतरी फुटला हाय," काका म्हणाले. "बांधीचा धुरा फुटल्यावर धानात पाणी राह्यते काय? तसंच हाय हे." धुरा म्हणजे भातखाचराचा बांध.

चित्र मोठे करून ते रेषेवरून इंच इंच फिरले. शेपटीपाशी दोन टोकांत केसाएवढी फट निघाली.

"लोकायच्या रांगोळ्या तपासत फिरते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अन् घरचाच बैल उघडा."

काकांनी टोके जोडली. भिंत उभी राहिली. खालची धार त्यांनी बारीक ठेवली, वरचा काठ रुंद, काकूंच्या तळहाताला रुतू नये म्हणून. फ्लेक्सच्या दुकानातल्या थ्रीडी प्रिंटरवर साचा छापून आला. पहिल्याच बिस्किटाची शिंगे साच्यात अडकून राहिली.

"हे तं गाढव झालं," काकू म्हणाल्या.

"शिंगं जाड करतो."

"करा. पण पोट्टे आलेच नाही तं?"

काकांनी शिंगे जाड केली.

तान्ह्या पोळ्याला दुपारी मी बाहेर आलो, तेव्हा त्यांचे फाटक सताड उघडे होते. वाऱ्याने लागू नये म्हणून सुतळीने मागे बांधलेले. काका ओसरीवर डबा घेऊन बसले होते. दोन टोळ्या समोरून निघून गेल्या. मग एक मुलगी बैल ओढत फाटकाशी थांबली आणि आत आली. काकांनी वाकून तिचा बैल पाहिला.

"याचं चाक..." ते म्हणाले. काकू खाकरल्या.

"चाक मस्त हाय. हे घे."

मुलीने बिस्किटाचे आधी शिंग खाल्ले आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली. त्यानंतर ओसरीवर चपला ठेवायला जागा उरली नाही.

अंधार पडता पडता मी भेटायला गेलो. डब्यात चुरा होता. निघताना, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे, मी सुतळी सोडून फाटक लावू लागलो.

"राहू द्या," काका म्हणाले. "एखादं पोट्टं मागं राह्यलं असन."