घर क्रमांक एक्केचाळीसचं मत

दत्तोबा भिसेंनी पक्ष बदलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पडलेली तीनशे बारा मतं आपापल्या घरी परत आली. त्यातलं एक सकाळी सातला आमच्या ओट्यावर येऊन बसलं होतं. मत साधारण पाच किलोच्या तांदळाच्या डब्याएवढं असतं. त्याला चहा लागतो, आणि साखर जरा जास्त लागते.

ते पहिल्यांदा दिसलं मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आणि तिथेच सगळा घोळ झाला. नगरपंचायतीच्या मतदानाआधी मामांनी परात पक्षाला शब्द दिला होता की घरातली चारही मतं परातीला. मामांचं, आत्यांचं म्हणजे सासूबाईंचं, माझ्या नवऱ्याचं हणमंतचं आणि माझं. भिसे उभे होते अडकित्ता पक्षाकडून, आणि निवडून आले होते.

"कुणाचं हाय ह्ये?" मामांनी मतालाच विचारलं.

"गुप्त आहे," मत म्हणालं, आणि बशीत चहा ओतून घेतला.

मामांनी मग आम्हाला ओळीने उभं केलं. हणमंत "परात!" असं इतक्या जोरात ओरडला की माझाच त्याच्यावरचा विश्वास उडाला. आत्या म्हणाल्या, "मला काय इचारताय? तुमी सांगितलं तितं बोट दाबलं. लगीन झाल्यापास्नं त्येच करतीया." मीही परातच म्हणाले.

खोटं बोलले. मत माझं होतं, बघताक्षणी ओळखलं मी. मी अंगणवाडीत सेविका आहे. आमच्या अंगणवाडीचं दार वर्षभर मोडलेलं आहे आणि कुत्री आत शिरून पोरांचा खाऊ खातात. प्रचारात सगळे हात जोडून गेले, एकटे भिसे टेप घेऊन आले आणि दार मोजून गेले. म्हणून मी त्यांना मत दिलं. निवडून आल्यावर बाराव्या दिवशी ते परातीत गेले. दाराची मापं कुठल्या पक्षात आहेत, ते कुणाला ठाऊक नाही.

मामांच्या तर्कापुढे मात्र मी हात टेकले. भिसे परातीत आले म्हणून मामा शाल आणि नारळ घेऊन त्यांच्या सत्काराला निघाले.

"आता त्यो आपला मानूस हाय," ते म्हणाले.

"मग त्यांना मत दिलेलं चालेल की."

"तवा त्यो आपला न्हवता. तवा ज्यानं दिलं, त्यो फितूर."

हणमंतने मान डोलावली. या माणसांशी बोलून माझंच डोकं दुखतं.

आमच्या आळीत बारा घरं आहेत, आणि बाराही घरांनी परातीला शब्द दिलेला होता. त्या सकाळी नऊ ओट्यांवर कोंबड्या झाकायची डालगी पालथी पडली. आळीत कोंबड्या पाळणारं घर एकच आहे.

दुपारी नगरपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली. मूळ मालकाने सात दिवसांत ओळखपत्र दाखवून आपलं मत नोंदवून घ्यावं, न नोंदवलेली मतं श्री. भिसे यांच्या नावे कायम होतील. म्हणजे गप्प बसले तर माझं मत भिसेंच्या घशात जाणार, आणि नोंदवलं तर घरात फितूर ठरणार. पाच दिवस मी त्याला चहा देत विचार केला. सहाव्या दिवशी ते काखेत मारलं आणि कचेरी गाठली.

"झाका, झाका आधी," लिपिक पाटणे ओरडले. "उघडं मत घेऊन फिरताय! गुप्ततेचा भंग आहे हा."

मी पदर टाकला. "झाकल्यावर तुम्ही ओळखणार कसं?"

"ओळखायचं नसतं, बाई. फक्त नोंदवायचं असतं." त्यांनी रजिस्टर उघडलं. "घर क्रमांक एक्केचाळीस. ह्याच्यावर सकाळीच दावा लागलाय की."

मी वळून पाहिलं. मागच्या बाकावर आत्या बसल्या होत्या. ठेवणीतली नऊवारी नेसून, ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.

"आत्या, हे माझं आहे."

"ठावं हाय मला," त्या हळूच म्हणाल्या. "माजं परातीला गेलं, दर येळंला जातं तसं. पडलेल्याची मतं परत येत न्हाईत म्हनं. तुला आजून लई मिळतील गं. मला एकदा तरी घरात म्हनायचं हाय, ह्ये मी दिलं म्हनून."

मला राग आला. मत माझं, खोटं मी बोलले, सहा दिवस साखर माझ्या डब्यातली गेली, आणि दावा यांचा.

"एका मताला दोन मालकिणी चालत नाहीत," पाटणे म्हणाले. "एकीनं माघार घ्या. माघारीची मुदत तीनपर्यंत." घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती.

"माघार घेतली तर माझी नोंद काय होईल?"

"परातीला दिलं, अशी."

"पण मी दिलं नाही!"

"दप्तरी तसं राहील."

आत्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. त्या तोंडाने आणखी काही मागत्या तर मी भांडले असते. तीनला दोन मिनिटं कमी असताना मी माघारीच्या अर्जावर सही केली, आणि पेन टेबलावर आपटलं.

आत्यांनी मत कडेवर घेतलं आणि आळीतून उघडंच घरी आणलं. मामांपुढे ते ठेवून म्हणाल्या, "माजं हाय. मी दिलं हुतं."

मामांनी मत उचलून खालून-वरून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सून तरी शब्दाला जागली." मी दात-ओठ खात आत गेले आणि पीठ मळायला घेतलं.

बाहेर मामांनी आत्यांना विचारलं, "का दिलंस?"

या घरात मामांनी त्यांना कशाचं कारण विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आत्या मत मांडीवर घेऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. पहिलं कारण लग्नाच्या दुसऱ्या वर्षातलं होतं, भिसे तेव्हा जन्मलेही नव्हते. भाकऱ्या थापून झाल्या, गार झाल्या, तरी त्या सांगतच होत्या. मामा जागचे उठले नाहीत. मी दाराआडून शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यातलं एकही कारण माझं नव्हतं.