माहेरचं नाव हर्मिस

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत गाडी लावताना आरशात बघितलेलं म्हात्रेकाकांना चालत नाही. त्यांच्या हातांकडं बघायचं. टेबल टेनिसच्या दोन लाल बॅटी घेऊन ते पार्किंगमध्ये उभे असतात. बॅटी कानांकडं हलल्या की पुढं यायचं. डोक्यावर त्यांची फुली झाली की ब्रेक.

काका मूळचे शिरवण्याचे. नौदलात असताना 'विराट' या विमानवाहू बोटीच्या डेकवर ते विमानांना अशाच खुणा करत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. महाप्याच्या नोकरीवर गाडी घेतली, तेव्हा ती खांबाला न घासता लावायला मला त्यांनीच शिकवलं. गुरुदक्षिणा म्हणून मी विराटचा इतिहास ऐकला. अजूनही ऐकतो.

"माहेरचं नाव हर्मिस. इंग्रजांकडं पंचवीसेक वर्षं होती. फॉकलंडच्या लढाईत सगल्यांच्या पुढं हीच! मंग ते बोलले, आता नको. आपन आनली. तीस वर्षं काढली तिनं आपल्याकडं."

एकदा सेक्रेटरी सावंत म्हणाले, "म्हणजे काका, सेकंड हँडच की!"

काकांनी बॅट त्यांच्या नाकासमोर धरली. "सेकंड हँड तुमची स्कूटर हाय. ती नांदली!"

काकांची मुलगी रेश्मा घटस्फोटानंतर माहेरीच होती. गेल्या वर्षी तिला उरणचं स्थळ आलं. "शिकलेला एक मानूस बसू दे," म्हणून काकांनी मलाही बोलावलं. पोहे झाले. मुलाची आत्या म्हणाली, "मुलगी छान आहे हो. पण पहिलं मोडलेलं... लोक विचारतात."

काकांनी कप खाली ठेवला. "माज्या बोटीची गोष्ट सांगू का तुमाला?"

"पप्पा, नको ना!" रेश्मा आतून ओरडली.

काकांनी सांगितलीच. माहेरचं नाव सांगितलं, लढाई सांगितली. "मंग ते बोलले, आता नको..." इथं ते अडकले. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, पण त्यात ते अडकलेले कधी पाहिले नव्हते.

"मग नुकसान त्यांचंच झालं की," मुलगा म्हणाला.

आत्यांनी आणखी थोडे पोहे मागितले.

लग्न झालं. पाठवणीची गाडी आमच्याच पार्किंगमधून निघायची होती. काका बॅटी घेऊन आधीच हजर. गाडी त्यांनी सफाईनं मागं घेतली, वळवली, गेटपर्यंत आणली. आता फक्त बाजूला व्हायचं होतं. काकांनी डोक्यावर फुली केली.

ड्रायव्हर थांबला. समोर रस्ता मोकळा होता.

"काय झालं?" आत्यांनी काच खाली करून विचारलं.

"काही नाही," रेश्मा त्यांच्याशेजारून म्हणाली. "थांबू या थोडं."

दोन्ही बॅटी डोक्यावर तशाच होत्या. मागं सावंत स्कूटरवर बसून होते. त्यांनीसुद्धा हॉर्न वाजवला नाही.