अनशापोटी डॅनिश जेवण

"आपल्या क्रोमध्ये कोणीही कोणाला 'अजून घ्या' म्हणणार नाही," विनेशने घरात जाहीर केलं. "पाहुण्याने मागितलं तर वाढायचं. नाही मागितलं तर हसून उभं राहायचं. एवढं जमलं, तर आशियातला पहिला डॅनिश क्रो चौलमध्ये निघाला म्हणून समजा."

क्रो म्हणजे डेन्मार्कमधली गावाकडची जुनी खाणावळ. तिकडच्या समुद्रकाठी अशाच एका क्रोमध्ये विनेशने बरीच वर्षं काढली होती. आधी बटाटे सोलले, मग मासे तळले. परत आल्यावर त्याने घरामागच्या पोफळीच्या वाडीत टेबलं मांडली, त्यांवर पांढऱ्या कडक चादरी घातल्या, आणि भर दुपारी लावायला मेणबत्त्या आणल्या. डेन्मार्कमध्ये जेवताना मेणबत्ती लागतेच, उजेड असो वा नसो.

"हसून उभं ऱ्हायचं?" त्याची आई गोदूबाई म्हणाली. "मानूस जेवतंय आनि आपून बघत हसायचं? त्याला वाटंल भाजीत काय पडलंय."

"आई, भाजी नाहीच आहे."

"मग तर हसू नुकोच."

विनेशने हे मनावर घेतलं नाही. त्याला घाई होती. त्याच्या जुन्या क्रोची मालकीण किर्स्टेन शनिवारी दुपारी जेवायला येणार होती. तिच्या क्रोची नेहमीची गिऱ्हाइकं दर हिवाळ्यात ऊन शोधत कुठेतरी जात. चौलचा क्रो तिला पसंत पडला, तर ती त्यांना दर जानेवारीत इकडे पाठवणार होती. पसंत पडला नाही, तर टेबलं विकून विनेशला हरेश्वरकाकांच्या मच्छीमार बोटीवर चढावं लागणार होतं. तसं घरात ठरलंच होतं.

यात एकच अडचण होती. विनेशला बोट लागायची. बापआज्यापासून दर्यावर पोसलेल्या घरात हे एकच पोर असं निपजलं होतं, की होडी किनाऱ्याला बांधलेली असतानाही त्याचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा होई. तो डेन्मार्कला गेला, तो मुळात समुद्रापासून लांब जायला. तिथे समुद्र होता, पण स्वयंपाकघराला भिंती होत्या.

"सोमवारी माणूस लागंल बोटीवर," हरेश्वरकाका रोज येऊन सांगत. "तुजा पांढरा कपडा घालून ये पायजे तर. मासल्यांना बरं वाटंल."

शुक्रवारी संध्याकाळी विनेशने शेवटची वस्तू काढली. झेंडा. मोठा पाहुणा आला की क्रोच्या दारात झेंडा चढलाच पाहिजे, अशी तिकडची रीत. रेवदंड्याच्या शिंप्याकडून त्याने तो शिवून आणला होता. लालभडक कापड, त्यावर पांढरी फुली.

त्याची बायको रचना हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिने झेंडा दोन्ही बाजूंनी पाहिला.

"दवाखान्याचा वाटतो," ती म्हणाली.

"दवाखान्याची फुली लाल असते आणि कापड पांढरं. हे बरोबर उलटं आहे."

"लांबून उलटसुलट कोण बघतं?"

"शिवाय फुली काठीकडे सरकलेली आहे. हीच तर डॅनिश झेंड्याची ओळख."

"गावाला ही ओळख करून दिलीस का?"

विनेश झेंड्याची घडी घालू लागला. शनिवारी उजाडताच त्याने हरेश्वरकाकांच्या जुन्या बोटीची डोलकाठी वाडीत उभी केली आणि तिच्या टोकावर झेंडा चढवला. तो बाजारातून दिसत होता, मासळीच्या धक्क्यावरून दिसत होता, आणि वारा पडला तरी दिसत होता.

दहाच्या सुमारास पहिली माणसं आली. मासेवाली वेणूबाई, तिच्या मागे सीतारामभाऊ गुडघा धरत, त्यांच्या मागे आणखी पाचसहा जण. सगळे ओट्यावर ओळीने बसले. पांढरा अ‍ॅप्रन आणि पांढरी टोपी घातलेला विनेश बाहेर आला, तसे सगळे उभे राहिले. विनेश भारावला. डेन्मार्कमध्ये त्याच्यासाठी कोणी कधी उभं राहिलं नव्हतं.

"बाई आल्या का?" वेणूबाईने विचारलं.

"बारापर्यंत येतील."

"परदेशातल्या ना?"

"हो तर. थेट तिकडून."

"आमी सकाळपास्नं पान्याचा घोट बी घेतला न्हाय," सीतारामभाऊ म्हणाले. "अनशापोटीच आलोय."

विनेशच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. जेवणाची जाहिरात न करता माणसं उपाशी येऊन बसतात, हे भाग्य कुठल्या खाणावळीला मिळतं? तो धावत आत गेला. "आई, तारल्या वाढव. बटाटे वाढव. गाव लोटलंय."

"पन कशापायी?" गोदूबाई म्हणाली.

"चव, आई. नुसत्या वासावर आलेत."

गोदूबाईने व्हिनेगर आणि साखरेत तीन दिवस बुडवलेल्या कच्च्या तारली माशांच्या बरणीकडे पाहिलं, नाकाला पदर लावला, आणि मागच्या चुलीवर गुपचूप एक मोठं पातेलं चढवलं.

बारापर्यंत ओट्यावर जागा उरली नाही. तेवढ्यात किर्स्टेन आली. उंच, पांढऱ्या केसांची, पांढरा सदरा घातलेली आणि खांद्याला चौकोनी काळी पिशवी अडकवलेली. बायांनी डोक्यावरून पदर घेतले. गर्दी बघून तिने विनेशला डॅनिशमध्ये विचारलं, "हे सगळे जेवायला?"

"सगळे," विनेश म्हणाला. त्याने कितीही प्रयत्न केला तरी आवाजातला अभिमान लपला नाही.

"बाई एकेकाला आत बोलावनार का?" वेणूबाईने विचारलं.

"छे. सगळ्यांना एकदमच बसवायचं."

ओट्यावर कुजबुज झाली. "सगळ्यांसमोर?" कोणीतरी म्हणालं. दोन बाया उठून घरी गेल्या.

उरलेले टेबलांवर बसले. मेणबत्त्या पेटल्या. पहिल्यांदा विनेशने प्रत्येकापुढे अंगठ्याएवढा पेला ठेवला. क्रोमध्ये जेवणाआधी शहाजिऱ्याची कडक दारू देतात. इथे त्याने कोकमात शहाजिऱ्याचा काढा घातला होता. वेणूबाईने डोळे मिटले, नाक दाबलं आणि पेला एका दमात घशाखाली उतरवला.

"दिवसातनं किती येळा?" तिने विचारलं.

"एकदाच. जेवणाआधी."

सगळ्या टेबलांनी माना डोलावल्या.

मग तारल्या, आणि त्यांच्यामागून लेप मासा आला. लोण्यात परतलेला, सोबत उकडलेले बटाटे आणि पांढरा फिक्का सॉस. हळद नाही, मिरची नाही. सीतारामभाऊंनी बोट लावून चाटलं. "कडक पथ्य दिसतंय," ते शेजाऱ्याला म्हणाले. शेजाऱ्याने निमूटपणे खाल्लं. त्याच्या मुलाच्या ऑपरेशननंतर तालुक्याच्या दवाखान्यात असंच दिलं होतं. कोणी अजून मागितलं नाही, कोणी आग्रह केला नाही, विनेश हसून उभा राहिला. रचना दाराशी उभी राहून हे पाहत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती. कोळ्यांच्या पंगतीत इतकी शांतता तिने आजवर एकदाही पाहिली नव्हती.

किर्स्टेन उठली. क्रोची मालकीण प्रत्येक टेबलाशी जाऊन पाहुण्यांशी हात मिळवते, ही तिच्या हाडातली सवय होती. तिने वेणूबाईपुढे हात केला. वेणूबाईने आपलं मनगट उलटं करून तिच्या तळव्यात ठेवलं, मान वर केली आणि पूर्ण जीभ बाहेर काढली.

किर्स्टेन क्षणभर थबकली. मग, परक्या देशातल्या रीतीचा मान ठेवावा म्हणून, तिनेही जीभ बाहेर काढली.

वेणूबाई घाबरली. "माजी एवडी लाल न्हाय," ती म्हणाली.

पुढच्या टेबलावर सीतारामभाऊंनी पायजमा गुडघ्यावर चढवून पाय खुर्चीवर ठेवला होता. त्यांच्या पलीकडचा गडी सदऱ्याची बटणं काढत होता.

"विनेश," रचना शांतपणे म्हणाली, "हे तपासणीला आलेत."

"कसली तपासणी?"

"मागच्या आरोग्य शिबिरात रक्तातली साखर तपासायला उपाशी यायला सांगितलं होतं. वर बघ."

विनेशने वर पाहिलं. डोलकाठीवर पांढरी फुली ऐटीत फडफडत होती. कुंपणाच्या दगडावर बसलेले हरेश्वरकाका खांदे हलवत हसत होते. त्यांना हे सकाळीच कळलं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना सोमवारी माणूस हवा होता.

विनेशने टोपी काढली. "मंडळी," तो म्हणाला, "इथे डॉक्टर कोणी नाही. ही खाणावळ आहे. या बाईंची डेन्मार्कला खाणावळ आहे, आणि हा झेंडा त्यांच्या देशाचा आहे."

बटणं काढणाऱ्याने ती परत लावायला घेतली.

"मग ह्ये औषद कसलं?" वेणूबाई म्हणाली.

"कोकम."

"मना बरं वाटतंय पन."

"आनि काल रातीपास्नं उपाशी पोटी आमी तो आंबट पेला प्यालो," सीतारामभाऊ गुडघा झाकत म्हणाले. "विनेश, येवड्या लोकांना उपाशी बोलावलंस, आता जेवाय घाल."

"आत्ता वाढलं ना."

"त्ये? त्ये जेवन व्हतं?"

मागच्या दारातून गोदूबाई पातेलं घेऊन बाहेर आली. सुरमईचं लालबुंद कालवण, मागून भाताची परात. तिने कोणालाही काही विचारलं नाही. ती थेट वाढत सुटली, आणि पहिलं ताट किर्स्टेनचं धरलं.

किर्स्टेन पुरे म्हणाली. गोदूबाईने वाढलं. किर्स्टेनने ताटावर हात धरला. गोदूबाईने हात बाजूला केला आणि वाढलं. क्रोमध्ये काटा आणि सुरी शेजारी शेजारी ठेवली की वाढणं थांबतं, पण गोदूबाईच्या ताटाशी काटा होता ना सुरी. चहूकडे गलका उठला. सीतारामभाऊ गुडघ्याची सगळी कथा किर्स्टेनला मराठीत सांगू लागले आणि ती नाकातलं पाणी पुसत मान डोलावू लागली. मेणबत्त्या कोणीतरी विझवून बाजूला सारल्या, कोपर लागत होतं म्हणून.

विनेश खांबाला टेकून उभा होता. सोमवार त्याला स्पष्ट दिसत होता.

तिसऱ्या वाढपानंतर किर्स्टेन कशीबशी उठून त्याच्याकडे आली. तिचा चेहरा घामाने भिजला होता.

"माझ्या क्रोमध्ये लोक शेजारच्या टेबलाकडे बघतसुद्धा नाहीत," रचनालाही कळावं म्हणून ती इंग्रजीत म्हणाली. "पांढरा सॉस मला घरी मिळतो. हे नाही मिळत. जानेवारीत बारा जण पाठवते. तुझ्या आईने रांधायचं."

विनेशने डोळे मिटले. टेबलं वाचली होती. बोट टळली होती.

"एक मात्र," किर्स्टेन पुढे म्हणाली. "आमचे पाहुणे मासा कुठून येतो ते बघितल्याशिवाय जेवत नाहीत. पहाटे त्यांना बोटीवर न्यायचं. यजमानाने स्वतः. रोज."

विनेशचा चेहरा कच्च्या केळ्याच्या रंगाला आला. "जानेवारीत समुद्र फार खवळलेला असतो," तो घाईने म्हणाला. "धोका आहे."

किर्स्टेनने रचनाकडे पाहिलं. "खरंच?"

रचनाने क्षणभर विचार केला. शाळेत ती वाऱ्यांचा आणि लाटांचा हाच धडा शिकवायची.

"नाही," ती म्हणाली. "सगळ्यात शांत जानेवारीतच असतो."

हरेश्वरकाकांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी विनेशचा चेहरा पाहिला आणि ते दगडावरून उठून जवळ आले.

"सोमवारपास्नंच सवय करू," ते म्हणाले. "आनि येताना काय खाऊन येऊ नको. फुकट जातंय."