सोनीची चाळीस बुचं

"डिसेंबरपर्यंत पोरं शंभर मोजतील, आणि एकही रडणार नाही," असं उषाबाईंनी कंपनीच्या स्वप्नीलसाहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

सांगायला त्यांच्या बापाचं काय जात होतं? सिल्वासाच्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई! निवृत्तीनंतर मसाटच्या एका प्लास्टिक कंपनीने जुन्या कँटीनची खोली कामगारांच्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी दिली, तेव्हा बाई तिथे बिनपगारी शिकवू लागल्या. मुलं खरंच शिकतात की नुसती खिचडी खाऊन झोपतात, हे बघून कंपनी ठरवणार होती, की मार्चनंतर खोलीत वर्ग भरवायचा की पोती रचायची. बघायला येणार स्वप्नीलसाहेब. मुंबईचा पोरगा, बोलणं इतकं गोड की मुंगळे लागावेत.

आकडा आधी बोटांत उतरतो, मग डोक्यात, असं बाईंचं मत. म्हणून त्यांनी मुलांना घरून एकसारख्या दहा-दहा वस्तू आणायला सांगितल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर चिंचोके होते, शिंपले होते. दुसऱ्या दिवशी वीस पिशव्या उघडल्या आणि विसांतून बाटल्यांची बुचंच निघाली! लाल, निळी, सोनेरी. कंपनी बुचं बनवायची, आईबाप ती बनवायचे, आणि नापास झालेली बुचं खिशातून पोरांच्या खेळण्यात यायची. गोकुळची आई पुतळाबाई म्हणाली, "बाई, आमच्या घरात एखाद दिवस पीठ नसंल, पण बुचं असतात."

बाई हरखल्या, अजून आणा म्हणाल्या. दहा बुचांचा एक गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचे शंभर. समाधानची सोनी वर्गात आली तेव्हा सातापर्यंत मोजायची, आणि सातानंतर तिच्या जगात फक्त 'लय' होतं. दीड महिन्यात ती दिसेल ते मोजू लागली. समाधान शिरपूरकडचा, मशीनवर ठेक्याने लागलेला. तो हसत तक्रार करायचा, "बाई, चौथी भाकर घेतली की ही मोठ्यानं 'चार' म्हणते. जेवायची चोरी झाली."

बाईंनी भिंतीवर तक्ता केला. प्रत्येक मुलाचं नाव, आणि त्याने आणलेल्या प्रत्येक बुचामागे एक गोल. सर्वांत लांब ओळ सोनीची. चाळीस गोल, सगळे सोनेरी खडूने.

स्वप्नीलसाहेब आले. सोनीने एकही गठ्ठा न चुकता शंभर मोजले. साहेबांचे डोळे पाणावले. खोली पुढच्या वर्षीही तुमचीच, असं त्यांनी जागेवरच सांगितलं आणि फोटो काढला: मध्ये सोनी, पुढ्यात शंभर बुचं, मागे तक्ता. आनंदाच्या भरात तो त्यांनी कंपनीच्या सगळ्या वरिष्ठांना धाडला. आधी अकरा अंगठे आले. मग कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, की जी नवी सोनेरी बुचं अजून विक्रीसाठी गेटबाहेर पडलेली नाहीत, ती बालवर्गात कशी पोचली?

चौकशीला काही कष्ट पडले नाहीत. फोटो मोठा केला, झालं. छत्तीस वर्षं बाईंच्या अक्षराचं कौतुक झालं होतं, पण इतक्या बारकाईने ते कधी कुणी वाचलं नव्हतं.

बाई तडक ऑफिसात गेल्या. ती नापास बुचं होती, म्हणाल्या. नापास मालही कंपनीचाच, तो दळून पुन्हा वापरतात, असं स्वप्नीलसाहेबांनी अगदी हळू आवाजात समजावलं.

"आणायला मी सांगितलं होतं. माझं नाव लिहा."

"बाई, तुमचं नाव हजेरीपटावरच नाही."

शिक्षा मात्र गणिताला धरून झाली. दहा बुचांमागे आईबापाला एक दिवस गेट बंद. समाधानचे चार दिवस भरले. पाचव्या दिवशी तो गेला, तर ठेकेदाराने त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा केलेला. आता तो दादऱ्याला ट्रकमध्ये माल चढवतो.

कंपनीचा शेरा आला: मुलांची प्रगती उत्तम, वर्ग चालू ठेवावा. वर्गात मुलं उरली आठ.

महिन्याभराने सोनी परत आली. तोवर बाईंनी तक्ता उतरवला होता आणि घरच्या वस्तू बंद करून रस्त्यावरचे खडे आणायला सांगितलं होतं. सोनीने फ्रॉकच्या ओच्यातून खडे ओतले. पांढरेशुभ्र, गुळगुळीत. असे खडे अख्ख्या मसाटात एकाच जागी होते, कंपनीच्या गेटजवळच्या बागेत.

बाईंनी उठून दार लावलं.

"किती आणलेस गं?"

सोनीने भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग खडे दोन्ही हातांनी जवळ ओढले.

"लय," ती म्हणाली.

बाईंनी एकदा खड्यांकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे.

"बरोबर," त्या म्हणाल्या.