कुलकर्णीकाकांचं कोठार

नवीन माणूस भेटला की कुलकर्णीकाका त्याचं नाव विचारायच्या आधी त्याला एका खांबाला हात लावायला लावायचे. "लावा, लावा. चावत नाही तो."

हा खांब सौदीतल्या खमीस मुशैत गावात, आमच्या गल्लीमागच्या जुन्या धान्यकोठारात होता. खाली दगडी जोतं आणि वर सगळा सांगाडा डोंगरात वाढणाऱ्या अरआर नावाच्या झाडाच्या लाकडाचा. एका तुळईची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. काका नाशिकचे, इथे सिमेंटच्या इमारती बांधणारे इंजिनियर. पण सिमेंटबद्दल त्यांच्या तोंडून कधी बरा शब्द निघाला नाही. "सिमेंट हट्टी. लाकूड समजूतदार. वारा आला की जरा सरकतं, पुन्हा जागेवर येतं."

कोठाराचं वय मात्र बदलायचं. पाहुणा भोळा असला तर सहाशे वर्षं, शंकेखोर असला तर चारशे. मालक अबू सालेहला विचारलं की तो नुसताच आकाशाकडे बोट दाखवायचा, वरच्यालाच ठाऊक.

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून काका सगळं मलाच समजावायचे. अर्धंच कळायचं, तरी मी मान हलवायचे. माझी कोकणातली अम्मी विचारायची, "त्या लाकडांशी सोयरीक हाय काय गो त्यांची?"

इराकने कुवेत घेतलं आणि इथल्या हवाई तळावरून रोज संध्याकाळी लढाऊ विमानं उडू लागली. मांडणीतली भांडी थरथरायची. काकांच्या पत्नी सुमनकाकू कानांवर हात दाबून बसायच्या. मुलांना घेऊन नाशिकला परत जायचं, असा त्यांनी धोशा लावला. काका ऐकेनात. आवाज सुरू झाला की ते काकूंना कोठारात न्यायचे आणि विमानांच्या वर आवाज चढवून तुळयांचा इतिहास सांगायचे. "याने किती लढाया पाहिल्या असतील, सुमन! हललंय का?"

एकदा मीही बरोबर होते. काकूंनी शांतपणे विचारलं, "इथे माणसं राहायची का हो?"

"छे! धान्य."

"मग लढाई आली की माणसं कुठे जायची?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. कोठाराच्या वयाबाबत ते बोलायचेच की. पण ते खांबाकडे बघत म्हणाले, "वर डोंगरात. बायकामुलं आधी."

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच आपल्या सौदी मालकाकडे, कफीलकडे, काकू-मुलांच्या जाण्याचे कागद करायला गेले.

काकू आणि मुलं गेली, त्याच संध्याकाळी विमानं उडायला लागली आणि आमचं दार वाजलं. काका होते. "भाभी, जरा बसू का?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी कोठाराचा विषय काढला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "सुमन समोर असली की सुचतं."

चहाचा कप न उचलता त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले, काकू दाबायच्या तसे.

अम्मी परक्या पुरुषासमोर कधी बोलायची नाही. तिने पदर सावरला, काकांच्या समोर बसली आणि मोठ्याने सुरू झाली, "आमच्याकडं मांदेली कशी सुकवतात, ठावं हाय काय भाऊ तुम्हाला? नाय ना? आयका मग..."

विमानं लांब गेली तरी ती थांबली नाही.