शेवटच्या थांब्याचा आकडा

नेमूअण्णाला तुमचं नाव लक्षात राहणार नाही, पण तुम्ही कुठं चढता आणि कुठं उतरता हे तो मरेपर्यंत विसरणार नाही. माझा मेहुणा त्याच्या लेखी ‘मार्केट यार्ड ते मिरज, सोमवार सोडून’. मयताला गेला तरी पहिला प्रश्न, “कुठली गाडी धरून आला?” लोक रडता रडता उत्तर देतात.

सांगलीतल्या आमच्या बस डेपोत मी कारकून, अण्णा शेजारच्या टेबलावर. आधी तो कंडक्टर होता. गुडघे गेले तेव्हा त्याला ऑफिसात बसवून तिकीट मशीनचे आकडे हवाली केले. झालं! माकडाच्या हाती कोलीत! शहरातली माणसं किती वाजता कुठून कुठं जातात याचे रंगीत तक्ते त्यानं भिंतभर लावले. माझ्या कॅलेंडरला खिळा ठेवला नाही. एकदा डेपोत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली, नवरा मिरजेचा, तर म्हणाला, “मला सहा म्हैन्यापास्नं म्हाईत हाय. पोरीचं कालेज हितं, आन् तिकीट कायम मिरजंचं! आकडा बोलतोय गड्या, माणूस फेकतोय.”

गेल्या वर्षी वरून हुकूम आला, रिकाम्या फेऱ्या बंद करा. अण्णानं बिनदिक्कत कात्री चालवली. बायका गाऱ्हाणं घेऊन आल्या, एक म्हातारा पाया पडला. “आवं, आकडा न्हाई तर गाडी न्हाई,” एवढंच. स्वतःच्या गावची फेरीसुद्धा बंद केली. मला त्याचा लय राग यायचा.

माळावरच्या वसाहतीची संध्याकाळी साडेसहाची फेरी मात्र त्यानं ठेवली. शेवटच्या थांब्याला रोज एकच तिकीट. त्यावर अण्णाचा शेरा, ‘नियमित प्रवासी. मागणी आहे.’

साहेबांना शंका आली. त्यांनी मला बघायला पाठवलं आणि मीही खुशीत गेलो. गाडीत मागच्या सीटवर अण्णाच बसलेला! मनात म्हटलं, सापडलास बेट्या.

शेवटच्या थांब्याला तो गुडघा धरत उतरला, मागोमाग मी. तिथं त्याची थोरली बहीण उभी होती, अक्का. डोळ्यांनी अधू. तिचा एकुलता एक पोरगा फौजेत होता. सुट्टीला यायचा तो याच गाडीनं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. अक्का त्याच्या मातीला होती, तरी रोज संध्याकाळी ती थांब्यावर येते.

“कोण उतारलं रं?”

“मी हाय, अक्का.”

“आन् त्यो?”

“आज न्हाई. उद्या बघू. चल घरला.”

ती गुमान निघाली. मला बघून अण्णा हळूच म्हणाला, “गाडीतनं कुणी उतारलंच न्हाई, तर ती हालत न्हाई गड्या.” मग तिच्यामागं चालू लागत, “तू खरं ते ल्ही.”

आणि मी लिहिलं. सांगायला लाज वाटते. ‘प्रवासी एक, तोही आपलाच कर्मचारी.’ महिन्याभरात फेरी बंद झाली.

आता अण्णा रिक्षानं जातो. परवा मीही बरोबर गेलो. रिक्षातून उतरून अण्णा म्हणाला, “चल अक्का.” तिनं मानसुद्धा वळवली नाही.

“थांब की. गाडी यायची हाय अजून.”

अण्णा गुडघा चोळत तिच्याशेजारी उभा राहिला.

तक्त्यावर त्या थांब्याचा आकडा आता शून्य आहे. तिथं रोज संध्याकाळी दोन माणसं उभी असतात.